जकातघराचे वकील

टिपणीस वकील कुठल्याही इमारतीत शिरले की आधी भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक करून बघायचे. डॉक्टर छातीवर ठोकतात तसं. महापालिकेच्या सभागृहाच्या दारापाशीही ते थांबायचे, ठोकायचे, कान जवळ न्यायचे आणि मान हलवायचे. "पोकळ," एवढंच म्हणायचे आणि आत येऊन दाराजवळच्या खुर्चीवर बसायचे. काळ्या कोटाच्या उजव्या खांद्यावर कायम चुन्याचा पांढरा डाग. जुन्या भिंतींना टेकून उभं राहायची सवय. तो डाग झटकताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

मी डोंबिवलीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत होते. शहराच्या वारसा जतन सल्लागार समितीवर 'इतिहासतज्ज्ञ' म्हणून माझी नेमणूक झाल्याचं पत्र आलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. पहिल्या सभेला मी इस्त्रीची सुती साडी नेसून कल्याणला गेले. समिती सात जणांची. एक जागा कित्येक वर्षं रिकामी होती, दोघे पदसिद्ध सरकारी सदस्य फक्त कागदावर होते. प्रत्यक्षात यायचे ते निवृत्त अधिकारी असलेले अध्यक्ष, तरुण आर्किटेक्ट नेने आणि टिपणीस वकील. मी चौथी. आणि कोरम चारचा. माझी नेमणूक माझ्या ज्ञानासाठी नव्हती, मोजणीसाठी होती, हे पहिल्या दहा मिनिटांत कळलं.

त्या दिवशी एका तलावाच्या जुन्या दगडी पायऱ्यांवर ग्रॅनाइट बसवण्याचा प्रस्ताव होता. सगळं ठरलेलंच होतं. टिपणीस वकील उठून म्हणाले, "माझा विरोध नोंदवा."

"वकीलसाहेब," अध्यक्ष थकलेल्या आवाजात म्हणाले, "ही सल्लागार समिती आहे. आपण फक्त सल्ला देतो."

"म्हणूनच म्हणतो, नोंदवा. कारणांसकट नोंदवा."

मग माझ्याकडे झुकून, नुकतीच ओळख झालेली असूनही, अगदी घरच्यासारखं ते कुजबुजले, "बाई, कायद्यात 'सल्ला' या शब्दाला दात नसतात. पण हिरड्यांनीही चावता येतं. वेळ लागतो इतकंच."

चावलं गेलं. तो विरोध फाइलीत होता म्हणून पुढे कुणीतरी वरचा अधिकारी बिचकला आणि ग्रॅनाइट तलावाच्या एकाच बाजूला बसलं. दुसऱ्या बाजूचे दगड अजून आहेत. त्या बाजूला बायका निर्धास्त उतरतात. ग्रॅनाइटच्या बाजूला 'सावकाश चालावे' अशी पाटी लावावी लागली.

वकिली त्यांची भाडेकरूंच्या दाव्यांची. कोर्टाजवळच्या एका माडीवर ऑफिस. तिथं रेतीबंदरापासून मोहन्यापर्यंतची माणसं येऊन बसलेली असायची. त्यांच्याशी ते त्यांच्या बोलीत बोलायचे, साहेबांशी पुस्तकी मराठीत, आणि स्वतःशी पुटपुटताना इंग्रजी कलमांत. 'ऐतिहासिक' या शब्दाचा त्यांना मनापासून राग. "जुनं म्हणा," ते सांगायचे. "ऐतिहासिक म्हटलं की लोक हार घेऊन येतात. जुनं म्हटलं की डागडुजी करतात." समितीच्या सभेत येणाऱ्या बटाटेवड्याला त्यांनी कधी हात लावला नाही. मला वाटायचं, तत्त्वाचा प्रश्न असेल. एकदा विचारलं तर म्हणाले, "छे हो, ॲसिडिटी."

त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा विजय म्हणजे जकातघर. मी समितीवर येण्याच्या आधीची ही गोष्ट. मी ती त्यांच्याकडूनही ऐकली आणि जनाबाई म्हात्रेंकडूनही. दोन्हीकडे तपशील सारखेच होते, फक्त जनाबाईंच्या सांगण्यात जेसीबी मोठा होता.

कल्याणच्या खाडीकाठी एक दगडी जकातघर आहे. गलबतं यायची तेव्हाचं. बैठं, जाड भिंतींचं, पुढे लाकडी खांबांचा ओटा आणि वर कौलं. जकात गेली, गलबतं गेली, पण तिथं होडी चालवणारी आगरी माणसं मागच्या खोल्यांत राहत होती ती राहिलीच. पाच बिऱ्हाडं. जागा महापालिकेची, त्यांच्याकडे भाडेपावतीसुद्धा नाही. रस्ता रुंद करायचा म्हणून एका सकाळी जेसीबी आला. कोर्टातून स्थगिती मिळणार हे टिपणीसांना ठाऊक होतं, पण कागद हातात यायला दुपार होणार होती.

ते यंत्रापुढे आडवे वगैरे पडले नाहीत. त्यांनी ड्रायव्हरला चहा पाजला. मग त्याचं गाव विचारलं. मग गावातल्या जमिनीचा भावाशी काय वाद आहे ते विचारलं. वाद होताच. ओट्यावर बसून त्यांनी तो दावा पूर्ण ऐकून घेतला, कुठं अपील करायचं ते सांगितलं, मधे मिसळपाव मागवला.

"साहब, आप मेरेको बातों में फँसा रहे हो," शेवटी ड्रायव्हर म्हणाला.

"हो," टिपणीस म्हणाले, "पण सल्ला खरा आहे."

दुपारी आदेश आला. 'जैसे थे.' इमारत आणि तिचा चालू वापर, दोन्ही जैसे थे. पुढे टिपणीसांनी धडपड करून जकातघर वारसा यादीत घातलं आणि त्या यादीच्या आधारेच कोर्टाने आदेश कायम केला. त्या यादीसाठीचे नियम समितीने केले, त्या नियमांचा मसुदाही टिपणीसांच्याच हातचा. म्हात्र्यांच्या आळीत त्यांची ओवाळणी झाली. जनाबाईंनी त्यांच्या कपाळाला एवढा मोठा टिळा लावला की तो घेऊनच ते कोर्टात गेले आणि न्यायाधीश हसले.

ही गोष्ट इथंच संपती तर बरं झालं असतं.

काही वर्षांनी मी सभेच्या इतिवृत्तावर त्यांची सही घ्यायला ऑफिसात गेले होते. समोरच्या बाकावर जनाबाई आणि त्यांचा मुलगा प्रवीण. जनाबाई साठीच्या पुढच्या, हिरवं लुगडं, आवाज खाडीपलीकडे जाईल असा. त्या दिवशी आवाज खालचा होता.

"वकीलसाहेब, घर वाचवलाव तुमी, देव तुमचा भला करो. पन आता आमाना कोन वाचवल?"

जकातघराचं छप्पर गेलं होतं. वासे कुजले होते, कौलं घसरत होती. पावसाळ्यात सून बाळाला मांडीवर घेऊन पलंगावर छत्री उघडून बसायची. मागच्या बिऱ्हाडातल्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर वासा पडून हाड मोडलं होतं. या लोकांनी आपल्या खर्चाने वर पत्रा घातला, तर कुणा वारसाप्रेमी माणसाने तक्रार केली आणि वॉर्ड ऑफिसच्या लोकांनी नोटीसही न काढता तो उतरवून नेला. कारण नियम असा की यादीतल्या इमारतीचं बाह्य रूप बदलायचं नाही. दुरुस्ती करायची तर मूळ सामग्रीतच. सागवान, कौलं, चुना. ते त्यांना परवडणारं नव्हतं. आणि जिची इमारत ती महापालिका म्हणत होती, निधी नाही.

"आमी काय मागतंव? पत्रा," जनाबाई म्हणाल्या. "सोन्याचा नाय, लोखंडाचा."

तो नियम कुणी लिहिला होता ते त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

प्रवीण पुढे सरकला. तो एका कुरियर कंपनीत होता. "सर, तुमच्या लिस्टमधून आमाला काढूनच टाका ना. बिल्डर रेडी आहे. दिवा स्टेशनजवळ वन बीएचके देतो बोललाय."

"लिहून दिलंय?"

"बोललाय ना सर. साइट पण दाखवली."

"प्रवीण, तू त्या खोलीत कशाच्या जोरावर राहतोस? पावती नाही, उताऱ्यावर नाव नाही."

प्रवीणने आईकडे बघितलं.

"त्या यादीच्या जोरावर. कोर्ट म्हणालं, चालू वापर जैसे थे. तो चालू वापर म्हणजे तू, तुझी आई, तुझं बाळ. जकातघर यादीतून गेलं की आदेश गेला. आदेश गेला की तू अतिक्रमण. अतिक्रमणाला कुणी वन बीएचके देत नाही बाळा, नोटीस देतात."

प्रवीण अगदी शांतपणे म्हणाला, "म्हणजे आमी तिथून निघू पण शकत नाय आणि तिथं राहू पण शकत नाय."

"हो," टिपणीस म्हणाले.

वकिलाने पक्षकाराला इतकं सरळ उत्तर दिलेलं मी पाहिलं नव्हतं. जनाबाई उठल्या, पदराने तोंड पुसलं आणि नेहमीसारखा नमस्कार करून गेल्या. तो नमस्कार टिपणीसांना फार लागला असावा. सही करताना त्यांनी पेनचं टोपणच काढलं नाही.

पुढच्या सभेत त्यांनी स्वतःच प्रस्ताव मांडला: दुरुस्तीची सोय होईपर्यंत जकातघरावर तात्पुरता पत्रा घालू द्यावा. नेने अस्वस्थ झाले. नेने मनाने स्वच्छ माणूस, टिपणीसांना गुरू मानणारा.

"सर, या शहरात तात्पुरतं असं काय असतं, तुम्हीच सांगा. आज इथं पत्रा घातला की उद्या प्रत्येक जुन्या इमारतीवर पत्रा येईल, आणि मग पाडायला कुणाची हरकत राहणार नाही. हे तुम्हीच मला शिकवलंत." त्यांनी नियम वाचून दाखवला. घोटीव, सुंदर मराठी.

"वाक्य चांगलं आहे," टिपणीस म्हणाले. "ते लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे इमारत होती. माणसं नव्हती."

मतं पडली. त्यांचं आणि माझं एका बाजूला, नेने आणि अध्यक्ष दुसऱ्या. बरोबरी झाली म्हणून अध्यक्षांचं जादा मत. प्रस्ताव फेटाळला. निधीसाठी महापालिकेला स्मरणपत्र पाठवायचं ठरलं. बटाटेवडे आले.

पंधरवड्याने सकाळीच टिपणीसांचा फोन. "बाई, कॅमेरा असला तर घेऊन या. जकातघरावर."

मी गेले तर छपरावर दोन कामगार निळे पत्रे ठोकत होते आणि अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर कोट घालून टिपणीस वकील बसले होते. थोड्या वेळाने वॉर्ड ऑफिसातला अधिकारी धावत आला. तो त्यांना चांगला ओळखत होता.

"साहेब, हे काय?"

"बेकायदेशीर काम."

"कुणी केलं?"

"मी. पंचनामा करा, माझ्या नावाने नोटीस काढा. फोटो या बाई देतील."

अधिकाऱ्याने हात जोडले. "साहेब, नका हो असं. मी काही बघितलंच नाही असं म्हणतो ना."

"तुम्ही बघितलं नाहीत तर उद्या दुसरा कुणी बघेल आणि यांच्या नावाने काढेल. माझ्याच नावाने काढा. स्पेलिंग सांगू?"

जनाबाई ओट्यावर उभ्या राहून बघत होत्या. "काय हो ह्ये," त्या मला म्हणाल्या, "आमच्यापायी वकीलच चोर झायला."

नोटीस निघाली. पण नोटीस काढून यादीतल्या इमारतीवरचं काम उतरवायचं तर आधी समितीचा अभिप्राय लागतो. तेव्हा विषय आमच्याच सभेपुढे आला. अध्यक्ष खाकरले. "टिपणीससाहेब, हा विषय तुमच्याविरुद्धचा. तुम्हाला बाहेर बसावं लागेल."

"अर्थात," म्हणून ते बाहेर जाऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसले.

दार लागलं. नेन्यांनी आमच्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "सर, आपण तिघेच."

"मग?"

"कोरम नाही."

"मग बोलवा त्यांना आत."

"आत बोलावलं तर हितसंबंध येतो."

"आणि बाहेर ठेवलं तर?"

"तर कोरम नाही."

अध्यक्षांनी फाइल मिटली. चहा देणारा शिपाई तोंड फिरवून हसत होता. विषय पुढच्या सभेवर गेला. पुढच्या सभेत पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या सभेतही. न येणाऱ्या दोघा सदस्यांना आग्रहाची पत्रं गेली, ते आले नाहीत.

पहिल्या दिवशी जिन्यात मी टिपणीसांना हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले की पायरीवर बसावं लागलं. "देवाशपथ बाई, हे माझ्या डोक्यात नव्हतं," डोळे पुसत म्हणाले. "मी म्हटलं होतं, दंड होईल, फार तर सदस्यत्व जाईल." आणि मग हसू अचानक थांबलं. कठडा धरून ते उठले. "म्हणजे आता मला समिती सोडता येणार नाही."

त्यांना ती सोडायची होती हे तेव्हा मला कळलं.

त्यांच्या पत्नी, सुधाताई. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर, कारखान्यांच्या वाऱ्याच्या तोंडावर. संध्याकाळी त्या बाजूने वास सुटला की सुधाताई खिडक्या लावून ओला टॉवेल नाकाशी धरून बसायच्या. छातीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ही हवा सोडा. मुलगी सांगलीला, तिचं बैठं घर, मागे मोकळं आवार. दोघांनी तिकडे जायचं ठरलं होतं. वकिलीचे दावे त्यांनी एकेक करून दुसऱ्यांकडे सोपवलेही होते. समितीचा राजीनामा तेवढा लिहायचा राहिला होता.

एका रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. मला वाटतं, मधे कुणीतरी असावं म्हणून. सुधाताई वाढता वाढता थांबून श्वास घ्यायच्या. वाढून झाल्यावर त्यांनीच विषय काढला.

"तुम्ही राजीनामा दिलात तर काय होईल?"

"दोन जागा रिकाम्या होतील. एक रिकामी असली तर नेमणुकांची फाइल झोपून राहते. दोन झाल्या की जागी होते. नवीन माणसं नेमतील. ती बिल्डरच्या ओळखीची असतील, किंवा नेन्यांसारखी प्रामाणिक असतील. दोन्हीकडून निकाल एकच."

"पत्रा निघेल."

"निघेल."

"आणि त्या बाईचं नातवंड पुन्हा छत्रीखाली."

भातावर आमटी तशीच गार होत होती. सुधाताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. मला वाटलं आता भांडण होईल. झालं असतं तर बरं, असंही वाटलं.

"मग राहा," त्या म्हणाल्या. "मी जाते."

तेवढंच. पुढच्या महिन्यात जावई गाडी घेऊन आला आणि त्या गेल्या. टिपणीसांना वाटलं होतं, जाऊन येऊन राहू. पण सभेची नोटीस आठवड्याच्या मुदतीने कधीही निघते, आणि लागोपाठ तीन सभा चुकल्या की नेमलेल्या सदस्याचं सदस्यत्व आपोआप रद्द. ज्याच्याविरुद्ध विषय प्रलंबित, त्याला रजाही मिळत नाही. ते सांगलीला जायचे, दोन दिवसांत फोन यायचा, परत यायचे. एकदा तर पोहोचले त्याच दिवशी नोटीस निघाली. अध्यक्ष हे मुद्दाम करत होते असं मला वाटत नाही. त्यांनाही हा विषय एकदाचा संपवायचा होता.

नेने मधे एकदा माझ्याकडे आले. जकातघराच्या खऱ्या दुरुस्तीचा पूर्ण आराखडा त्यांनी स्वतःहून, फी न घेता केला होता. कौलं कुठं मिळतील, सुतार कोण, सगळं. तो घेऊन ते महापालिकेत खूप फिरले. प्रत्येकाने कौतुक केलं. "बाई, मी सरांच्या विरुद्ध मत दिलं ते चूक होतं का?" त्यांनी विचारलं. तेही बरोबर होते, हीच तर पंचाईत होती.

माझे गुडघे कुरकुरायला लागले. मीही निवृत्त झाले होते. पुण्याला भावाजवळ जायचा विचार मी टिपणीसांना बोलून दाखवला तेव्हा ते घाबरले. "रजा घ्या बाई, हवी तेवढी. अर्ज मी लिहून देतो. राजीनामा मात्र नको." मग ओशाळून म्हणाले, "तुम्हालाही अडकवलं मी." मी रजेचा अर्ज दिला. अजून रजेवरच आहे.

रजेवर जाण्याआधीची माझी शेवटची सभा. ते बाहेर बाकावर, आम्ही आत. पाच मिनिटांत तहकूब. मी बाहेर आले तर ते मांडीवर डबा घेऊन बसले होते. खाणावळीचा डबा. सुधाताई सांगलीला गेल्यापासून कोट अंगावर सैल झाला होता.

"वेळ असेल तर खाडीवर येता?" त्यांनी विचारलं. "रिक्षाने जाऊ. तुमच्या गुडघ्यांना त्रास नको."

आम्ही रस्त्याच्या पलीकडे उतरलो. समोर जकातघर. काळ्या दगडाच्या त्या देखण्या भिंती, वाऱ्यापावसाने घासून गुळगुळीत झालेले खांब, आणि त्यावर निळाभोर पत्रा, डोळ्यांत खुपणारा. पत्रा उडू नये म्हणून वर टायर आणि विटा ठेवल्या होत्या. एका बिऱ्हाडाने त्याला डिशही लावली होती. आत कुणीतरी मासळी तळत होतं. प्रवीणचा मुलगा ओट्यावर सायकलवर चकरा मारत होता, चांगला मोठा झाला होता. जनाबाईंनी आम्हाला पाहिलं आणि हात हलवला, "या ना वकीलसाहेब, कोलंबी केलीय!"

त्यांनी हात वर करून नको म्हटलं.

"किती वाईट दिसतं हो बाई," ते हळूच म्हणाले.

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "आत कोरडं आहे ना."

"हो, कोरडं आहे." मग पुन्हा म्हणाले, "पण फारच वाईट दिसतं."

रिक्षावाल्याने हॉर्न दिला. मी जाऊन आत बसले, त्यांच्यासाठी जागा करून थांबले. रिक्षावाल्याने पुन्हा हॉर्न दिला. "येतो येतो," ते मागे न बघता म्हणाले. कोटाच्या खिशात हात घालून, मान किंचित तिरकी करून ते त्या पत्र्याकडे बघत होते, आणि त्यांचा पाय काही तिथून निघत नव्हता.